चोवॉनची आई

रविवार, रात्री

बरेच दिवस बघायचा राहिलेला ‘मॅरेथॉन’ आज पाहिला. २००५ मधला कोरियन सिनेमा, दिग्दर्शक जंग यून-चुल. अकरा वाजून गेले तरी त्यातली आई डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

चोवॉन वीस वर्षांचा स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलगा. झेब्रा आणि ‘चोको पाय’ नावाची चॉकलेटची बिस्किटं म्हणजे त्याचा जीव की प्राण. पळतो मात्र असा की बघत राहावं. आई विचारते, ‘चोवॉनचे पाय?’ तो ठरलेलं उत्तर देतो, ‘दहा लाख डॉलरचे!’ चो सुंग-वू या नटाने हे काम इतकं मनापासून केलंय की तो अभिनय करतोय हेच मी विसरले. कुठेही कीव मागत नाही.

आईला कुणीतरी विचारतं, तुमची इच्छा काय? ती म्हणते, चोवॉन माझ्या एक दिवस आधी जावा. तिथे मी सिनेमा थांबवला आणि जरा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले. माझा मावसभाऊही स्वमग्न, आता चाळिशीला आलाय. मावशी इतकं स्पष्ट बोलत नाही, पण ‘माझ्यामागे याचं कसं व्हायचं गं’ हे तिच्या प्रत्येक फोनच्या शेवटी येतंच.

दारू पिऊन गाडी चालवली म्हणून चोवॉनच्या विशेष शाळेत समाजसेवेची शिक्षा भोगणारा एक जुना मॅरेथॉनपटू त्याचा प्रशिक्षक होतो. सुरुवातीला त्याला काडीचा रस नाही. मैदानाला शंभर फेऱ्या मार, असं सांगून मोकळा होतो, आणि पोरगा खरंच शंभर मारतो! मग प्रशिक्षकाचा हात आपल्या छातीवर ठेवून धडधडणारं काळीज दाखवतो. पुढे हाच माणूस आईला तोंडावर सुनावतो की त्याचं तुझ्यावाचून अडत नाही, तुझंच त्याच्यावाचून अडतं. मला आधी त्याचा रागच आला. जिने सगळं आयुष्य त्या पोरापायी घातलं तिला हे ऐकवायचं? पण त्याचं म्हणणं खोटं नाही, आणि तिलाही ते कळतं, म्हणून तर इतकं लागतं.

सगळ्यात जिव्हारी लागला तो भुयारी रेल्वेच्या स्टेशनवरचा प्रसंग. एका बाईचा झेब्र्याच्या पट्ट्यांचा स्कर्ट दिसतो आणि चोवॉन त्याला हात लावतो. बाईबरोबरचा माणूस त्याला बदडतो. आई धावत येते, आणि तिच्यासमोरच चोवॉन मोठ्याने ओरडायला लागतो, ‘आमच्या मुलाला अपंगत्व आहे! आमच्या मुलाला अपंगत्व आहे!’ जन्मभर आईने अनोळखी लोकांना जे सांगितलं तेच, तिच्याच शब्दांत. ‘मला’ म्हणत नाही, ‘आमच्या मुलाला’ म्हणतो. आईचा चेहरा त्या वेळी पाहवत नाही.

मग तिलाच शंका येते की पळणं याला आवडतं, की मीच याला पळवत आले? ती सगळं बंद करते. तरीही तो एकटा बसने मॅरेथॉनसाठी चुनचॉन शहरात पोचतो, आणि शर्यत सुरू व्हायच्या वेळी आई त्याचा हात धरून ठेवते. तो विचारतो, ‘चोवॉनचे पाय?’ आता उत्तर तिने द्यायचं असतं. ती देते, आणि हात सोडते.

हे ज्याच्यावरून घेतलं तो बे ह्योंग-जिन खराखुरा धावपटू. २००१ मध्ये चुनचॉनची मॅरेथॉन त्याने २ तास ५७ मिनिटं ७ सेकंदांत पूर्ण केली. पळणारे लोक ज्याला ‘सब-थ्री’, म्हणजे तीन तासांच्या आत, म्हणतात ते हेच. म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, दर किलोमीटरला सव्वाचार मिनिटांच्या आत. वर्षानुवर्षं सराव करणाऱ्या कितीतरी जणांना हे जमत नाही.

एकच गोष्ट खटकली. चोवॉनच्या धाकट्या भावाला सिनेमाने फार थोडी जागा दिलीय. आईचं सगळं लक्ष थोरल्याकडे, वडील बराच काळ घरापासून लांब, आणि हा आपला आतल्या आत धुमसतोय. त्याला बघताना मावसबहीण आठवत राहिली. मावशीकडे गेलं की आम्ही सगळे भावाभोवती जमतो, आणि ती आत चहा टाकत असते. ‘माझ्यामागे कसं व्हायचं’ याचं उत्तर घरात सगळ्यांनी तिलाच धरलंय, तिला न विचारता. उद्या ऑफिस सुटल्यावर तिला फोन करणार आहे. भावाची चौकशी नंतर, आधी तिची.