जस्तावर उभं राहिलेलं गाव: केल्मिस

आखेनला शिकणाऱ्या भाचीकडे मे महिन्यात राहायला गेले होते. जर्मनीतल्या आखेनहून बसमध्ये बसलं की जेमतेम अर्ध्या तासात बेल्जियममधलं केल्मिस येतं. वस्ती सुमारे अकरा हजार. दुकानांच्या पाट्या जर्मनमध्ये, कारण हा बेल्जियमचा जर्मनभाषक पट्टा. फ्रेंचही चालतं.

इथल्या जमिनीत जस्ताचं खनिज होतं आणि गावाचं सगळं नशीब त्यावर ठरलं. 1805 मध्ये नेपोलियनच्या राजवटीत लिएज शहरातल्या दोनी नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला खाणीचा परवाना मिळाला. नेपोलियन हरल्यावर खाण कुणाची, यावर प्रशिया (तेव्हाचं जर्मन राज्य) आणि नेदरलंड्सचं एकमत होईना. म्हणून 1816 मध्ये केल्मिससह जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचा तुकडा दोघांनी सामाईक ठेवला: तटस्थ मोरेसनेट. तेव्हा वस्ती होती अडीचशेच्या आसपास. कामगार येत गेले आणि ती हजारोंवर गेली. 1885 च्या सुमारास खनिज संपलं, तरी तटस्थपणा टिकला. खाणीचे डॉक्टर मोली यांनी 1908 मध्ये इथे एस्पेरान्तो (सगळ्या जगासाठी मुद्दाम रचलेली भाषा) बोलणारं राज्य उभारायचं ठरवलं होतं, नाव 'आमिकेयो', म्हणजे मैत्रीचं ठिकाण. पहिलं महायुद्ध झालं आणि 1920 मध्ये गाव बेल्जियमकडे गेलं. त्या स्वप्नाबद्दल वाचून मला खरंच हळहळ वाटली.

आधी खाण कंपनीच्या जुन्या इमारतीतलं संग्रहालय बघा, म्हणजे पुढचं सगळं उलगडतं. सुट्टीचे दिवस आधी पाहून जा. मग गावालगतच्या जुन्या खाणीच्या माळावर जा. तिथे फिकट पिवळी, नखाएवढी फुलं दिसतील. इतर झाडांना विषारी ठरणाऱ्या जस्ताच्या मातीतच ती वाढतात. मी कितीतरी वेळ उकिडवी बसून बघत होते. मे-जून उत्तम. पायवाट सोडू नका, फूल तोडू नका.

जुने सीमादगड रानात अजून उभे आहेत. ते बघत फाल्सरबर्गच्या टेकडीवर चढा (322 मीटर). आज तिथे बेल्जियम, जर्मनी आणि नेदरलंड्स हे तीन देश भेटतात, तेव्हा तटस्थ मोरेसनेट धरून चार हद्दी भेटायच्या. जाऊन-येऊन अर्धा दिवस धरा. बूट चांगले हवेत, पावसानंतर रानात चिखल होतो. डबा आणि पाणी सोबत घ्या. रविवारी तर नक्कीच, त्या दिवशी बरीच दुकानं बंद असतात. पासपोर्टही जवळ ठेवा, सीमा नकळत ओलांडली जाते.

बेल्जियमच्या बाजूने येणाऱ्यांनी व्हर्व्हिएहून आखेनकडे जाणारी लोकल धरावी आणि हेरगेनराटला उतरावं. हेरगेनराट केल्मिसच्याच हद्दीत आहे. पुढचे दोन-तीन किलोमीटर आरामात चालत होतात.