अर्धी गल्ली

डोक्याला मार लागलेल्या पेशंटचे नातेवाईक बहुधा विसरभोळेपणाची तक्रार घेऊन येतात. नागपूरच्या महाल भागातल्या काकूंची तक्रार ताटाची होती. "चटनीले, लोनच्याले हातच नाही लावत जी हे. काहून असं करते, मॅडम?"

काका दुचाकीवरून पडले होते, हेल्मेट नव्हतं. मार मेंदूच्या उजव्या बाजूला, पॅरायटल म्हणजे वरच्या-मागच्या भागात. डोळे तपासून झालेले, नजर साफ. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून पेशंटला मदत करणारी. काकांना कागदावरच्या आडव्या रेघेच्या मधोमध खूण करायला सांगितली, ती त्यांनी पार उजवीकडे केली. घड्याळ काढायला सांगितलं तर सगळे आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले. चटणी-लोणचं आपण ताटात डावीकडेच वाढतो. डावी बाजू डोळ्यांना दिसत होती, पण काकांचं लक्ष तिकडे वळतच नव्हतं. आणि काही राहून जातंय, हे त्यांना जाणवतही नव्हतं. घरच्यांना हा हट्ट वाटतो, कोणी चष्मा बदलून आणतं. ओरडा मात्र पेशंट खातो, याचं फार वाईट वाटतं.

इटलीतल्या बिसियाक आणि लुझाती या संशोधकांनी १९७८ साली अशा रुग्णांना मिलानच्या कॅथेड्रलसमोरचा चौक नुसता मनात आणून सांगायला लावला होता. तेच मी काकांच्या गल्लीवर करून पाहिलं.

"काका, बडकस चौकाकडून घरी येताय. काय काय लागतं?"

"किराणा, मग टेलर, पानठेला, हनुमानाचं मंदिर..." सगळं उजव्या हाताचं.

"आता घरून चौकात निघा."

"आटाचक्की. सायकलवाला. शाळेची भिंत." मघाचं मंदिर गायब, पानठेलाही गायब.

काकूंनी माझा हातच धरला. "अवं बाई, सगळं आठवते की यायले!"

खरंच आठवत होतं. अख्खी गल्ली डोक्यात शाबूत होती, पण ज्या दिशेला तोंड करावं तिथली डावी बाजू लक्षातून निसटत होती, अगदी डोळे मिटल्यावरही. अनेकांमध्ये हे पहिल्या काही आठवड्यांत बरंच सुधारतं, काहींमध्ये रेंगाळतं.

टेबलाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायला सांगितली: आधी पट्टी शोधायची, मग घास. वाचतानाही तसंच, समासात लाल रेघ. मुलाला बजावलं की रस्ता ओलांडताना काकांच्या डावीकडून चालायचं, आणि पुन्हा तपासणी होईपर्यंत गाडीची चावी द्यायची नाही.