‘टेक ऑफ’ नॉर्वेजियनमध्ये नेताना: माझा अनुभव

इंग्रजी ‘टेक ऑफ’ला नॉर्वेजियनमध्ये ‘ता आव’ म्हणतात, हे पहिल्या पाठातच कळतं. ‘ता’ म्हणजे घेणे, ‘आव’ म्हणजे वरून किंवा पासून. जुळणी इतकी सरळ दिसते की पुढे शोधावंसंच वाटत नाही. पण ही जोडी इंग्रजीतल्या निम्म्या अर्थांनाही पुरत नाही, आणि पुरते तिथेही वाक्याची बांधणी बदलते. म्हणून मी कोशापासून सुरुवात करत नाही. आधी प्रत्येक अर्थाचं मराठी वाक्य लिहिते आणि काय काढलं जातंय ते बघते: अंगावरची वस्तू, इतर वस्तू, वेळ, पैसे, की कर्मच नाही? नॉर्वेजियन क्रियापद यावरूनच ठरतं.

मराठीत बूट काढतो, झाकण काढतो आणि सुट्टीही काढतो. नॉर्वेजियनमध्ये या तिघांचे रस्ते वेगळे.

सगळ्यात जास्त वेळ कपड्यांवर द्यावा, कारण रोजच्या बोलण्यात हेच लागतं. अंगावरची वस्तू असेल तर स्वतःवाचक सर्वनाम येतं: मै, दै, सै (मला, तुला, स्वतःला). ‘बूट काढ’ला ‘ता आव दै स्कूएने’. ‘त्याने टोपी काढली’ला ‘हान तूक आव सै लूआ’ (‘तूक’ हे ‘ता’चं भूतकाळी रूप). इंग्रजीसारखं ‘त्याची टोपी’ म्हणायची गरज नाही, टोपीचं निश्चित रूप पुरतं. मराठीतही आपण ‘त्याने त्याची टोपी काढली’ म्हणत नाही, म्हणून इथे इंग्रजी बाजूला ठेवून थेट मराठीतून विचार केलेला बरा. ‘हान्स’ (त्याची) घातलंत तर टोपी दुसऱ्या कुणाची तरी होते, कारण स्वतःच्या वस्तूसाठी वेगळं सर्वनाम आहे. झाकणाला मात्र ‘सै’ लागत नाही: ‘ता आव लॉक्के’.

मग शब्दक्रम. नाम असेल तर ते शेवटी जातं, पण त्याच्या जागी सर्वनाम (‘देन’, म्हणजे ती) असेल तर ते ‘आव’च्या आधी सरकतं: ‘हान तूक देन आव सै’. नकार (‘इक्के’) आला की आणखी एक पायरी वाढते. नाम असताना ‘हान तूक इक्के आव सै लूआ’, सर्वनाम असताना ‘हान तूक देन इक्के आव सै’. म्हणजे सर्वनाम ‘इक्के’च्याही आधी. आधी स्वीडिश शिकलेल्यांचं इथे हमखास चुकतं, कारण स्वीडिशमध्ये सर्वनाम ‘आव’नंतरच राहतं. मी ही चारही रूपं एकाखाली एक लिहून मोठ्याने म्हणते. जोर ‘आव’वर पडला पाहिजे, ‘तूक’वर नाही.

विमानासाठी ‘फ्लीए तार आव’ चालतं, ‘फ्लीए लेत्तर’ही चालतं. दुसऱ्यात ‘त’ जोडाक्षर आहे आणि आधीचा स्वर आखूड. स्वर लांबवून एकच ‘त’ म्हटलात तर ‘विमान शोधतंय’ असा अर्थ होतो. नामरूप मात्र ‘आवगांग’: विमानातल्या सूचनांमध्ये उड्डाण आणि उतरणं यांची जोडी ‘आवगांग ऊ लांनिंग’ अशी येते.

सगळ्यात फसवा भाग म्हणजे ‘आवता’. तेच दोन तुकडे, फक्त उलट क्रमाने आणि एका शब्दात. अर्थ होतो ‘कमी होणे’. हवामानाच्या बातमीत वारा ‘आवतार’ म्हटलं तर वारा पडतोय. नॉर्वेजियनमध्ये असे सुटे आणि जोडलेले जुळे बरेच आहेत. कधी दोन्हींचा अर्थ सारखा असतो, कधी पार वेगळा, त्यामुळे प्रत्येक जोडी तपासावीच लागते.

विक्री किंवा धंद्याने उसळी घेतली असेल तर ‘ता आव’ चालतं. पण ‘ता हेल्त आव’ म्हणजे प्रकरण हाताबाहेर जाणं, पार्टी बेफाम होणं, असाही अर्थ असतो. म्हणून ऑफिसच्या अहवालात मी ‘शीते फार्त’, म्हणजे वेग घेणे, हे वापरते. नवी वस्तू लोकांना आवडली असेल तर ‘स्लो आन’.

सुट्टी काढायची तर ‘ता फ्री’. ओव्हरटाइमच्या बदल्यात मिळालेली सुट्टी असेल तर त्याला स्वतंत्र क्रियापद आहे, ‘आवस्पासेरे’, आणि कामाच्या ठिकाणी तेच ऐकू येतं. लांब रजेला ‘पर्मिशून’. हा शब्द ‘परमिशन’सारखा वाटला तरी अर्थ रजा हाच.

किंमत कमी करायला ‘स्लो आव’, पण दिवा बंद करायलाही ‘स्लो आव’च. हिशेबातली वजावट ‘त्रेक्के फ्रा’. वजन कमी करणं ‘गो नेद ई वेक्त’. नक्कल करणं ‘हॅर्मे एत्तर’. ‘चला, निघतो’ या अर्थी ‘यै मो स्तिक्के’, अगदी अनौपचारिक. त्याला ‘आव’ जोडून ‘स्तिक्के आव’ केलं की पळून जाणं होतं, अपघात करून पसार झालेल्या ड्रायव्हरसारखं. निरोप घेताना ते नको.

पडताळणीसाठी बर्गन विद्यापीठ आणि नॉर्वेची भाषा परिषद यांचा बूकमोल कोश ऑनलाइन फुकट आहे (बूकमोल आणि नीनॉर्स्क ही नॉर्वेजियनची दोन लेखनरूपं). ‘ता’ची नोंद लांबलचक आहे, ती वरून खाली वाचत बसू नये. ठरलेल्या वाक्प्रचारांचा विभाग वेगळा दिलेला असतो, थेट तिथे जावं. नीनॉर्स्क लिहिणाऱ्यांनी शेजारचाच नीनॉर्स्क कोश उघडावा, कारण ‘ता’ची रूपं तिथे वेगळी भेटतात.

शेवटची पायरी उलटी: ‘ता आव’ची नोंद नॉर्वेजियनकडून वाचायची आणि इंग्रजी ‘टेक ऑफ’मध्ये न बसणारे अर्थ बाजूला काढायचे. त्यातला एक गाडी चालवणाऱ्यांना लगेच लागतो. ई-सहा महामार्गावरून ‘ता आव’ करा असं कुणी सांगितलं, तर तिथून वळून बाहेर पडायचं असतं.