गोवर, गणित आणि गणपतीची गर्दी

साथीचं गणित मांडणाऱ्या केरमॅक-मॅकेंड्रिक या दोन शास्त्रज्ञांनी १९२७ च्या शोधनिबंधात आपल्या मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगचे आकडे वापरले होते, वाचून थांबलोच, त्यात कोकणातून गेलेले किती चाकरमानी असतील.

मॉडेल सोपं आहे हो, लागण होऊ शकेल असे, आजारी, आणि बरे झालेले किंवा गेलेले, असे तीन गट, पहिला गट पुरेसा लहान झाला की साथ विझते, आणि लस माणसाला आजारी न पाडताच त्या गटातून बाहेर काढते. गोवराचा एक पेशंट, कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, १२ ते १८ जणांना देतो, म्हणून ९५ टक्के पोरांना दोन्ही डोस हवेत. गणपतीत आरतीला अख्खी वाडी एका पडवीत असते, पाच-सहा महिन्यांची बाळंसुद्धा, ज्यांना अजून लस देता येत नाही. नऊ महिन्यांचा किंवा दीड वर्षाचा डोस राहिला असेल तर आशाताईंना आत्ताच विचारा, फुकट आहे.