दसऱ्याला या, मग देतो

दोन वर्षांपूर्वी मी पुण्यात बसून ऑनलाइन एक कोल्हापुरी चप्पल मागवली. खोक्यावर 'हॅन्डमेड' छापलेलं, आत कारागिराचं आभारपत्र. जूनच्या पहिल्या पावसात तळवा पोळीसारखा फुगला, थर सुटले आणि आतून पुठ्ठा डोकावला. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "कोल्हापूरची असून पुठ्ठा घेतलास?" खरं तर कोल्हापूरचे ते. मी जन्मापासून पुण्याची. पण हे त्यांना पटवणं अवघड आहे.

गेल्या जूनमध्ये आत्तीकडे गेले ते मात्र चपलेसाठी नाही. आजीचा साज गाठवून आणायचा होता, दोरा कुजला होता. आत्ती म्हणाली, "थांब, मी पण येतो." (कोल्हापुरात बायका 'येतो', 'जातो' म्हणतात. पुण्याच्या मैत्रिणींना हे ऐकून अजून हसू येतं.) अंबाबाईचं दर्शन घेऊन आम्ही गुजरीत, सराफांच्या बाजारात, शिरलो. मोठ्या पेढ्यांचे काचेचे दरवाजे ओलांडत आत्ती थांबली ती एका पायरीपाशी. पायरी म्हणजेच दुकान. वर दागिने गाठवणारे एक पटवेकरी बसलेले, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून. समोर डबा, डब्यात रेशीम, शेजारी चहाचा रिकामा ग्लास.

त्यांनी साज तळहातावर घेतला आणि पानं मोजली. पूर्ण कोल्हापुरी साजाला एकवीस पानं असतात: दशावताराची दहा, अष्टमंगलाची आठ, माणिक आणि पाचूचं एकेक आणि एक डोरलं. आमच्याकडची निघाली वीस. "मासा कुठाय?" त्यांनी विचारलं. आत्ती माझ्याकडे बघायला लागली, जणू मीच खाल्ला. मग तिलाच आठवलं, काकाच्या लग्नाच्या वेळी एक पान तुटलं होतं ते डबीत ठेवलंय. डबी तिच्या घरी, मंगळवार पेठेत. "मग घेऊन या की, मी हाय हितंच." सोनं त्यांच्या हातात सोडून आम्ही रिक्षा केली. पावती नाही, वजन नाही. मला धास्ती वाटली, आत्तीला नाही. तिचं मंगळसूत्रही त्यांच्या वडिलांनी गाठवलेलं होतं.

मासा घेऊन परत आलो. गाठवायला तासभर लागणार होता. म्हणून मग चप्पल लाइन.

शिवाजी चौकाजवळच्या या ओळीत दुकानाबाहेर चपला अशा टांगलेल्या असतात की वाकूनच आत जावं लागतं. पहिल्या तीन दुकानांत मला हाका मारून बोलावलं, चौथ्यात कुणी वर पाहिलंही नाही. आत्ती चौथ्यात गेली. तिथले दुकानदार मामा आरीनं चपलेचा अंगठा शिवत होते. खिळा नाही, सगळी शिवण कातड्याच्याच वादीची. मी कापशी मागितली, हा कोल्हापुरीचाच एक प्रकार. त्यांनी आधी माझ्या पायाकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे, आणि नंबर न विचारता एक जोड काढला. वेणी बारीक, रंग गुळासारखा, आणि तो वास. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेल्या कातड्याचा वास मला लहानपणी आवडायचा नाही, आता आवडतो. पाय घातला तर घट्ट.

"घट्टच पाहिजे. कातडं आठ दिवसांत सैल होतंय. कधीपासून घालणार?"

"उद्यापासून. ऑफिसला."

त्यांनी जोड माझ्या पायातून काढून कपाटात ठेवला. "पावसात घालायचं पायतान न्हवं हे. दसऱ्याला या, मग देतो."

मी म्हटलं, पैसे आत्ता घ्या, मी पावसाळाभर कपाटात ठेवीन. "तुम्ही ठेवणार न्हाई. बुरशी येणार, मग मला शिव्या देणार." हे तंतोतंत खरं होतं. आत्ती हसत होती. त्यांनी एका पुठ्ठ्यावर माझे दोन्ही पाय ठेवून पेन्सिल फिरवली आणि कोपऱ्यात 'पुणे' लिहून तो पुठ्ठा खिळ्याला अडकवला.

त्याच महिन्यात इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये हुबेहूब कोल्हापुरी दिसली आणि सुरुवातीला तिचं मूळ कुठलं याचा उल्लेखच नव्हता. ओरड झाल्यावर कंपनीनं ते मान्य केलं. आमच्या ग्रुपवर सगळे पेटले होते. २०१९मध्ये या चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून, हे मलाही त्या भांडणातच कळलं. तोवर कर्नाटकातल्या अथणीची चप्पल 'आपली' नाही असंच मी समजत होते.

मधे राजारामपुरीतलं एक बुटीकही पाहिलं. एसी, लाकडी ठोकळ्यावर पोपटी कोल्हापुरी, खाली मऊ गादी. नाक मुरडायचा बेत होता, पण चालवणाऱ्या मुलीला कुठली वेणी कुठल्या घरातली बाई घालते हे नावानिशी माहीत होतं. किंमत ऐकून मी कापडी पिशवी घेतली.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी गेले. पुठ्ठा खिळ्याला होता, त्यावर आणखी आठ-दहा पुठ्ठे चढलेले. मामांनी तो काढून जोडाशी लावला, डाव्या अंगठ्याची शिवण उसवली आणि थोडी पुढे घेऊन पुन्हा घातली. माझा डावा पाय मोठा आहे, मला माहीत नव्हतं. चौदाशे रुपये. घासाघीस करायला आत्ती तोंड उघडत होती, मीच तिचा हात दाबला. मामांनी विचारलं, "वाजणारी पाहिजे का?" तळव्याच्या थरांमध्ये विंचू (खरा नव्हे, त्या नावाचं बी) घातला की ती करकर वाजते. मी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि खालच्या काकू ड्रिलच्या आवाजावरूनही सोसायटीत अर्ज देतात. नको म्हटलं.

रोज संध्याकाळी अर्धा तास घरातल्या घरात घाला, तेल लावा, असं सांगून त्यांनी वर्तमानपत्रात बांधून दिली. तेल खोबरेल, असं मामांचं म्हणणं. एरंडेल, असं आत्तीचं. दोघं दुकानाच्या दारात दहा मिनिटं भांडले.

मी एका पायाला खोबरेल लावलंय, दुसऱ्याला एरंडेल. आज सहावा दिवस. उजवी सैल झाली, डावा अंगठा अजून चावतोय.