खिशात राहिलेला विटेचा तुकडा

जुन्या वीटकामाची आणि चुन्यातल्या बांधकामांची पाहणी करणे हा माझा व्यवसाय आहे. वेल्समधील अँगलसी बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर लानबाड्रिग नावाचा विरळ वस्तीचा भाग आहे. तिथल्या पोर्थ वेन या बंद पडलेल्या वीटकारखान्याच्या भट्ट्या पाहण्यासाठी, जमीनमालकाची परवानगी घेऊन, मी आणि माझे एक ज्येष्ठ सहकारी भल्या सकाळी खाडीत उतरलो.

इथली वीट मातीची नव्हती. वरच्या खाणीतला क्वार्ट्झाइट, म्हणजे आपल्या गारगोटीच्या जातीचा कठीण खडक, उतारावरच्या रुळांवरून खाली आणून दळायचा, घुमटाकार भट्टीत त्याच्या विटा भाजायच्या आणि धक्क्यावरून थेट जहाजात चढवायच्या, असा हा कारखाना होता. पोलादाच्या भट्ट्यांना आतून अस्तर लावण्यासाठी अशा विटा लागत. भट्टीच्या कडेच्या तोंडांतून शिरलेला जाळ भिंतीलगत वर चढून घुमटाला थडकायचा आणि धुराड्याच्या ओढीने विटांच्या थप्प्यांमधून पुन्हा खाली, फरशीखालच्या पोकळ वाटांत खेचला जायचा. गारगोटी सुमारे 573 अंश सेल्सिअसला एकाएकी फुगते, त्यामुळे भट्टी सावकाश तापवावी आणि त्याहून सावकाश निववावी लागते. हे धीराचे काम ज्यांनी केले, त्यांची नावे आज भिंतींवर कुठेच नाहीत, याची मला तिथे उभे असताना फार हळहळ वाटली.

समुद्राकडच्या इमारतींची पडझड अधिक झाली आहे. घुमटाखाली उभे राहून मी लाकडी हातोडीने एकेक वीट ठोकत गेलो. वीट खणखणीत वाजत होती, पण सांध्यांवर बोट फिरवले की त्यांतला जोडणीचा मसाला वाळूसारखा गळत होता. खाली पडलेला एक लहान तुकडा मी भिंगाखाली धरला. पिवळसर पांढऱ्या पोटात गारगोटीचे टोकदार कण दिसत होते, आणि एका कडेला वितळून काचेसारखा चमकणारा पातळ थर होता. तेवढ्यात सरीवर सर येऊ लागली आणि आम्ही घाईने सामान आवरले.

किनाऱ्याच्या पायवाटेने पश्चिमेकडे जाताना लानलियानाची खाडी लागते. तिथे चिनी मातीचा कारखाना होता, तो 1920 मध्ये आगीनंतर बंद पडला. पुढे कड्यावर सेंट पॅट्रिकचे लहानसे चर्च आहे. जहाज फुटून समोरच्या बेटावर अडकलेल्या संत पॅट्रिकने सुटकेनंतर इसवी सन 440 च्या सुमारास ते उभारले, अशी श्रद्धा आहे. आज दिसणारी वास्तू त्यानंतर कित्येक शतकांनी बांधलेली आहे.

आत पाऊल टाकले आणि मी थबकलो. वेदीभोवती निळ्या फरश्या होत्या, आणि खिडक्यांत संतांच्या आकृत्यांऐवजी रंगीत काचेच्या भौमितिक आकृत्या होत्या. 1884 च्या जीर्णोद्धाराचा खर्च उचलणारे लॉर्ड स्टॅन्ली ऑफ ऑल्डर्ली यांनी इस्लाम स्वीकारला होता. ब्रिटिश उमराव सभागृहाचे ते पहिले मुस्लिम सदस्य. दाराशी बसलेल्या वयस्कर बाईंनी आम्हाला हे समजावले आणि 1985 मध्ये आगीत होरपळलेले चर्च पुन्हा कसे उभे राहिले तेही सांगितले. गावाला तिथे रविवारी बसायचे होते, म्हणून ते उभे राहिले असे मला वाटते. वीटकारखान्याला असा कोणी धनी उरलेला नाही.

हात पुसायला रुमाल काढला, तर त्याबरोबर तो विटेचा तुकडा बाहेर आला. घाईत तो खिशातच राहिला होता. संरक्षित स्मारकातला खडाही हलवायचा नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम आहे. मी झालेली चूक सहकाऱ्यांना लगेच सांगितली. त्यांनी काही न बोलता टोपी डोक्यावर चढवली आणि आम्ही पावसात त्याच वाटेने परत फिरलो. दुपारी काढलेल्या छायाचित्रावरून जागा शोधली, चमकता थर वर राहील अशा बेताने तुकडा होता तसा ठेवला, आणि अहवालात त्याची नोंद वेळेसह केली.