1.9 आणि 0.9

लोकांना वाटतं मी मासे सांभाळतो. मासे आपलं आपण बघून घेतात. माझा निम्मा दिवस पाण्यात विरघळलेला दगड मोजण्यात जातो. रीफ टँक म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी; त्यातली कोरल्स, म्हणजे प्रवाळ, पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलून सांगाडा बांधतात, आणि त्यांनी उचललं तेवढं आपण रोज परत घालायचं. एका बाटलीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत सोडा, आणि दोन्ही थेंबाथेंबाने सोडणारा डोसिंग पंप. दोन्ही द्रावणं थेट एकत्र आली तर दुधासारखी पांढरी होतात आणि तळाशी खडू, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, बसतो. हे शिकाऊ पोरालाही पहिल्याच दिवशी सांगतात.

ज्या टँकबद्दल लिहितोय तो 300 लिटरचा, बहुतेक सगळा अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या कोरल्सचा. मालक वयाने मोठे, मी त्यांना काका म्हणतो. त्यांच्यासारखी वही ठेवणारा माणूस मी पाहिलेला नाही. रोज एकाच वेळी टेस्ट, वार, वेळ, आकडा. बाकीचे लोक मला फोनवर ‘अल्क नॉर्मल आहे’ असं सांगतात. अल्क म्हणजे अल्कलिनिटी, पाण्यात कार्बोनेट किती आहे त्याचं माप; ते डीकेएचमध्ये मोजतात. नॉर्मल म्हणजे किती, तर ते बाटलीवरच्या रंगाच्या पट्टीत बसतंय म्हणे.

काकांची तक्रार अशी की कितीही सोडा घातला तरी अल्क खाली येते. मी म्हटलं, दोन दिवस डोसिंग बंद ठेवा आणि मोजा. त्यांनी मोजलं. अल्कलिनिटी 9.4 डीकेएचवरून 6.6 वर आली, कॅल्शियम 440 पीपीएमवरून (लिटरमागे मिलिग्रॅम) 420 वर. मी जाऊन पुन्हा तपासलं. टेस्टच्या औषधाचे थेंब मोजणं हा माझा अभिमानाचा विषय आहे. शेवटच्या थेंबाला रंग पलटतो, तो पलटायच्या आधी कुपी हलवून थांबावं लागतं, आणि बहुतेक लोक घाईने एक थेंब जास्त टाकून मोकळे होतात. काकांचा आकडा बरोबर होता.

मग मी हिशेब मांडला. सांगाडा बनताना 2.8 डीकेएच खर्च झाली की कॅल्शियम 20 पीपीएमने उतरतं. इथे 2.8 आणि 20, अगदी तंतोतंत! मी खूश. वहीवर पेन आपटून म्हणालो, “काका, कोरल्स खातायत. खातायत म्हणजे वाढतायत. डोस वाढवा.” त्यांचा चेहरा असा फुलला की पुढचं काही तपासायचं मला सुचलंच नाही. बॅगेत मॅग्नेशियमची टेस्ट होती. ती किचकट, वेळखाऊ. काढली नाही.

तीन आठवड्यांनी मागणी, म्हणजे दिवसाला खर्च होणारी अल्क, रोज 3 डीकेएचवर गेली होती. मध्ये एका रात्री काकांनी राहिलेला डोस एकदम भरून काढला आणि सकाळी दोन अ‍ॅक्रोपोरांची टोकं पांढरी पडली. एकीचं मांस दोन दिवसांत बुडापासून सुटत गेलं. फोनवर ते शांत होते. तेच जास्त लागलं.

या वेळी मी आधी सम्पमध्ये, म्हणजे हीटर-पंप ठेवायच्या टँकच्या जोडटाकीत, हात घातला. हीटर बाहेर काढला तर तो हीटर राहिलाच नव्हता. करंगळीएवढ्या जाडीचा खरखरीत पांढरा थर. मुख्य पंपाच्या जाळीवर तसाच. तळाची वाळू मुठीत घेतली तर ढेकूळ हातात आलं. मॅग्नेशियम मोजलं: 1080 पीपीएम. समुद्रात ते 1300 च्या आसपास असतं. मॅग्नेशियम खडूच्या कणांना पटकन वाढू देत नाही. ते कमी पडलं की खडू मोकाट सुटतो. त्यात गरम पृष्ठभाग, कारण कॅल्शियम कार्बोनेट मिठासारखं वागत नाही, पाणी तापलं की उलट कमी विरघळतं. म्हणून पहिला बळी नेहमी हीटरचा.

दोन्ही डोसिंगच्या नळ्या एकाच क्लिपमध्ये शेजारी शेजारी, आणि त्याही हीटरच्या वर. हे आमच्याच एका सहकाऱ्याचं काम. त्याची फिटिंग फोटोत फार सुबक दिसते. शिवाय वीज गेल्यावर डोसिंग पंपाचं घड्याळ शून्यावर आलेलं, त्यामुळे दोन्ही बाटल्या बरोबर एकाच मिनिटाला सुटत होत्या. जे मिसळायचं नाही ते आम्हीच रोज मिसळत होतो.

नळ्या टँकच्या दोन टोकांना नेल्या, वेळांत अंतर ठेवलं, हीटर बदलला, पंप आम्लात बुडवून साफ केला, मॅग्नेशियम काही दिवसांत हळूहळू वर आणलं, आणि अल्क 7.5 वर धरून ठेवली. मागणी उतरली. रोज 0.8. म्हणजे 3 मधली 2.2 कोरल्सनी खाल्लीच नव्हती. 300 लिटरमध्ये त्याचा हिशेब होतो रोज जवळपास 12 ग्रॅम खडू. आम्ही प्रवाळ नाही, हीटर वाढवत होतो.

आणि माझा तो तंतोतंत हिशेब? कोरलने बांधलं काय किंवा हीटरवर साचलं काय, पदार्थ एकच, कॅल्शियम कार्बोनेट. प्रमाणही तेच येणार. त्या गणितातून दोघांमधला फरक कळणं शक्यच नव्हतं, आणि हे मला माहीत होतं. कुणी विचारलं असतं तर मीच समजावून सांगितलं असतं.

पण मला खरं खुपतंय ते वहीतलं. परवा काकांकडे ती पुन्हा चाळली. मी फक्त पहिला आणि शेवटचा आकडा घेतला होता. मधली ओळ होती: 7.5. म्हणजे पहिल्या दिवशी 1.9 ची घट, दुसऱ्या दिवशी 0.9. कोरलची भूक एका दिवसात निम्मी होत नाही. खडूचं मात्र तसंच असतं, पाण्यात विरघळलेलं जितकं जास्त तितका तो जोरात पडतो, आणि पातळी उतरली की मंदावतो. अर्थात अल्क उतरली की कोरल्सही थोडी सुस्तावतात, म्हणजे केवळ त्या एका ओळीवर मी पैज लावली नसती. पण निदान हीटर उचलून पाहिला असता.

उरलेल्या अ‍ॅक्रोपोराची टोकं आता परत जांभळी दिसायला लागलीत. काल काकांचा फोन आला, मागणी 1.1 झालीये, वाढ सुरू झाली ना रे? मी म्हटलं, काका, आधी हीटरचा फोटो पाठवा.